३.९ नंतर ३.१० का येतं? प्रोग्रॅमिंग भाषांच्या आवृत्त्यांचे आकडे आणि नावं

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? उत्तर फूट आणि इंचात येतं. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. रात्री ४१ फूट ९ इंच असलेलं पाणी सकाळी ४१ फूट १० इंच झालं, की पाणी चढलं हे शाळकरी पोरालाही कळतं. ४१.१० म्हणजे ४१.१, म्हणून ते ४१.९ पेक्षा कमी, असा हिशेब कुणी करत नाही. फूट वेगळे मोजायचे, इंच वेगळे मोजायचे, हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं आहे.

प्रोग्रॅमिंग भाषेचा व्हर्जन नंबर नेमका असाच वाचायचा. पायथन ३.९ ऑक्टोबर २०२० मध्ये आलं आणि ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये. ते 'तीन पॉइंट दहा' आहे, 'तीन पॉइंट एक शून्य' नव्हे. मधलं टिंब दशांशचिन्ह नाही, दोन स्वतंत्र आकड्यांमधली ती भिंत आहे. पंचगंगेच्या मापाशी साम्य इथवरच, कारण १२ इंच झाले की पुढचा फूट लागतो, व्हर्जनमध्ये मात्र हातचा कधीच येत नाही. ३.१२ नंतर ३.१३, मग ३.१४. डावीकडचा ३ बदलायचा की नाही हे माणसं ठरवतात, आकडे भरले म्हणून तो आपोआप बदलत नाही.

३.१० आलं तेव्हा ही साधी गोष्ट विसरलेले कितीतरी प्रोग्रॅम उघडे पडले. काही प्रोग्रॅम व्हर्जनच्या मजकुरातली पहिली तीन अक्षरं कापून घेत होते. '३.९' पर्यंत ते ठीक चाललं, '३.१०' मधून त्यांना '३.१' मिळालं, आणि २००९ सालचं जुनंपुराणं पायथन समोर आहे असं समजून त्यांनी चालायला नकार दिला. यॅमल फाइलींमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंग लिहून ठेवायच्या फाइलींमध्ये, तर ही चूक अजूनही होते. तिथे अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिलं, की यॅमल ती दशांश संख्या धरतं, शेवटचं शून्य गळतं, आणि टेस्ट चालवणारी यंत्रणा पायथन ३.१ शोधत बसते. उपाय एका टिचकीचा आहे: आकडा अवतरणात लिहा. तिसरी चूक तुलनेची. दोन व्हर्जन मजकूर म्हणून ताडून पाहिले तर '३.१०' हे '३.९' च्या आधी येतं, कारण तुलना अक्षरागणिक होते आणि १ हा ९ पेक्षा लहान. म्हणून टिंबावर तुकडे करून प्रत्येक तुकडा पूर्णांक म्हणून ताडायचा. पायथनमध्ये तयार तुकड्यांचा संच सिस मॉड्यूलच्या व्हर्जन-इन्फोमध्ये (sys.version_info) मिळतो, तोच वापरावा.

आता या तुकड्यांचा अर्थ. सर्वांत जास्त बोलबाला असलेली पद्धत सिमँटिक व्हर्जनिंग. तिची नियमावली कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहिली. तीन आकडे: मेजर, मायनर, पॅच. ही पद्धत समजायला कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतलं, एखादं मशीन शॉप डोळ्यासमोर आणा. गिऱ्हाइकाकडून पार्टचं ड्रॉइंग येतं आणि कोपऱ्यातल्या चौकटीत रिव्हिजन लिहिलेली असते. चुकलेलं माप दुरुस्त केलं, टॉलरन्स (मापात चालणारी कमी-जास्त) स्पष्ट केला, पण पार्ट जसाच्या तसा बसतो, तर तो पॅच. एक जादा भोक दिलं ज्याचा नव्या असेंब्लीला उपयोग आहे आणि जुन्या असेंब्लीचं काही बिघडत नाही, तर तो मायनर. पण बोल्टच्या भोकांची जागाच हलवली आणि नवा पार्ट जुन्या मशीनवर बसेना, तर रिव्हिजन वाढवून भागत नाही, पार्ट नंबरच नवा द्यावा लागतो. तो मेजर. बदल किती मोठा, त्याला किती महिने लागले, याचा इथे संबंध नाही. जुन्याच्या जागी नवा बसतो का, एवढाच प्रश्न.

मेजर आकडा वाढला की मायनर आणि पॅच शून्यावर येतात: २.७.४ नंतर ३.०.०. आणि सुरुवातीलाच शून्य असेल, म्हणजे ०.४.२ सारखं काही, तर नियमावली स्पष्ट सांगते की अजून काहीही कधीही बदलू शकतं. शून्याने सुरू होणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, गिऱ्हाइकाच्या कामात वापरायची असेल तर तिचा नेमका व्हर्जन बांधून ठेवा, 'यापुढचा कुठलाही चालेल' असं लिहू नका.

इथवर सगळं सरळ वाटतं. घोटाळा पुढे आहे. ही नियमावली लायब्ररींसाठी उत्तम, पण बहुतेक भाषा ती पाळत नाहीत आणि पाळतो असं म्हणतही नाहीत. आकड्यांची मांडणी सारखी दिसते म्हणून माणूस वचनही सारखंच धरून चालतो, आणि तिथे फसतो.

पायथनच पाहा. ३.६ वरून ३.७ वर जाणं म्हणजे मायनर बदल, काही तुटायला नको, असं वाटतं. पण जून २०१८ मध्ये आलेल्या ३.७ ने 'असिंक' हा शब्द भाषेसाठी राखून ठेवला. ज्या लायब्ररींनी तो आपल्या फंक्शनच्या पॅरामीटरचं नाव म्हणून वापरला होता, त्यांची फाइल वाचतानाच सिंटॅक्स एरर, म्हणजे व्याकरणाची चूक, यायला लागली. ऑक्टोबर २०२३ मधल्या ३.१२ ने पॅकेजं बांधायला वापरलं जाणारं डिस्टयुटिल्स हे मॉड्यूल काढून टाकलं. जुन्या सेटअप फाइली आजही त्यावर अडतात आणि 'असं मॉड्यूल नाही' म्हणतात. यात पायथनने शब्द मोडलेला नाही. त्यांचं धोरणच असं आहे की एखादी गोष्ट काढायची तर आधी किमान दोन आवृत्त्यांत इशारा द्यायचा, मग मधल्या आकड्याच्या बदलात ती काढायची. डिस्टयुटिल्सचा इशारा ३.१० पासून दिसत होता. हे इशारे पायथन एरवी फारसे पुढे आणत नाही, म्हणून ते मुद्दाम चालू करून टेस्ट चालवाव्यात. पायथनच्या मधल्या आकड्याला मेजर इतकाच मान द्या आणि फक्त तिसरा आकडा डोळे झाकून वाढवा.

गो भाषेचं उलट आहे. मार्च २०१२ मध्ये गो १ आलं तेव्हाच वचन दिलं गेलं की आज लिहिलेला प्रोग्रॅम १ ने सुरू होणाऱ्या पुढच्या सगळ्या आवृत्त्यांवर चालत राहील. दर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, मधला आकडा एकाने वाढतो. २०२३ मध्ये त्या टीमने जाहीर केलं की जुने प्रोग्रॅम मोडणारं गो २ कधीच येणार नाही. म्हणजे तिथला पहिला आकडा कायमचा थांबलेला आहे, आणि तो थांबलेला असणं हेच वचन. पायथनचा ३ आणि गोचा १ एकाच जागी बसतात, पण त्यांच्या उजवीकडचा आकडा वाढला तर होणारा धोका एकसारखा नाही.

पीएचपीत मेजर आकडा खरोखर मेजर असतो, हे छोट्या दुकानांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्यांना चांगलंच माहीत आहे. गुजरीतल्या एखाद्या सराफाची किंवा चपलांच्या दुकानाची २०१२ च्या सुमाराची साइट असेल, तर तिच्यात बहुधा डेटाबेसशी जोडणारं जुन्या पद्धतीचं माय-एसक्यूएल कनेक्ट फंक्शन असतं. ते ५.५ मध्ये बाद ठरवलं गेलं आणि डिसेंबर २०१५ मधल्या ७.० मध्ये काढून टाकलं गेलं. होस्टिंगवाल्याने ५.६ बंद करून ७ चालू केलं, की साइट पांढरी पडते आणि लॉगमध्ये 'हे फंक्शनच अस्तित्वात नाही' असा संदेश येतो. फंक्शनची नावं शोधून बदलणं पुरेसं नाही. नव्या माय-एसक्यूएल-आय मध्ये कनेक्शन बहुतेक ठिकाणी पहिला पॅरामीटर म्हणून द्यावं लागतं, जुन्यात ते शेवटी होतं आणि वगळताही यायचं. आणि बदलायलाच बसलात तर सरळ प्रिपेअर्ड स्टेटमेंट (डेटाबेसची आज्ञा आणि माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत) वापरा. जुन्या साइटींमध्ये एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे फॉर्ममधून डेटाबेसला भलतीच आज्ञा घुसवण्याची, भोकं याच ओळींत असतात.

काही भाषांचा आकडा मुळात काहीच वचन देत नाही, फक्त दिनांक सांगतो. जावा हे त्याचं मोठं उदाहरण, पण तिथवर पोचायला जावाने बरीच वळणं घेतली. जानेवारी १९९६ मध्ये १.० आलं. डिसेंबर १९९८ मधल्या १.२ ला बाजारात 'जावा २' म्हटलं गेलं, आणि १.३, १.४ सुद्धा 'जावा २' च राहिले. २००४ मधलं १.५ एकदम '५.०' म्हणून जाहीर झालं. म्हणून जावा ३ आणि जावा ४ कधी आलेच नाहीत. बाहेरून नाव ५, ६, ७, ८ असं चाललं तरी आतून मशीन १.५, १.६, १.७, १.८ च सांगत राहिलं. आजही एखाद्या लॅबच्या मशीनवर व्हर्जन विचारल्यावर '१.८.०' दिसलं तर घाबरू नका, ते जावा ८ आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ ने सुरुवातीचा १ सोडून दिला, आणि '१.' च्या पुढचा आकडा उचलणारे कितीतरी प्रोग्रॅम त्या दिवशी अडखळले.

त्यानंतर जावाने वेळापत्रक बांधून घेतलं: दर मार्च आणि सप्टेंबरला एक आवृत्ती, आकडा एकाने पुढे. अंबाबाईच्या किरणोत्सवासारखं समजा. नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीतले दिवस ठरलेले. आभाळ आलं, किरणं अडली, म्हणून तारीख पुढे जात नाही. तसंच जावात एखादं वैशिष्ट्य तयार झालं नाही तर ते सहा महिन्यांनी येतं, आवृत्ती त्याच्यासाठी थांबत नाही. त्यामुळे १७ आणि १८ यांतला फरक मोठा की छोटा हे आकड्यावरून कळत नाही. कळायला हवं ते वेगळंच: कुठल्या आवृत्तीला दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणार. त्या आहेत ८, ११, १७, २१ आणि २५. मधल्या आवृत्त्या साधारण सहा महिन्यांच्या पाहुण्या. गिऱ्हाइकाचं काम त्यांच्यावर उभं करू नये.

जावाचा आणखी एक छुपा आकडा आहे आणि विद्यार्थ्यांना तोच सर्वांत जास्त छळतो. घरी लॅपटॉपवर जावा १७ ने कंपाइल केलेली, म्हणजे मशीनला चालवता येईल अशी रूपांतरित केलेली, फाइल कॉलेजच्या लॅबमध्ये जावा ८ वर चालवली की संदेश येतो: क्लास फाइल व्हर्जन ६१, हे मशीन ५२ पर्यंतच ओळखतं. हे आकडे कुठून आले? क्लास फाइलच्या आकड्यातून ४४ वजा करा, जावाची आवृत्ती मिळते. ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. उपाय दोन: लॅबमध्ये पुन्हा कंपाइल करा, किंवा घरीच कंपायलरला 'रिलीज ८' हा पर्याय द्या. तो पर्याय जेडीके (जावाचा विकाससंच) ९ पासून आहे. नुसते जुने सोर्स आणि टार्गेट पर्याय दिले तर फाइल ८ वर उघडते, पण ८ मध्ये नसलेलं एखादं फंक्शन वापरलेलं असेल तर ते कंपाइल करताना पकडलं जात नाही, चालवताना फुटतं. रिलीज पर्याय ते आधीच पकडतो.

सी आणि सी प्लस प्लस ची तऱ्हा वेगळी. तिथे आवृत्ती म्हणजे एक प्रमाणग्रंथ, आणि त्याला नाव असतं सालाचं. सी ९९, सी ११, सी प्लस प्लस ११, १४, १७, २०. फोरट्रान ७७ आणि अल्गोल ६० पासूनची ही रीत आहे. साल नावात घातलं की तारीख चुकली तर पंचाईत होते. सी प्लस प्लस ची नवी आवृत्ती २०१० च्या आत येईल म्हणून तिला '०एक्स' म्हणत होते, ती आली २०११ मध्ये. सी १७ छापून आलं २०१८ मध्ये, सी २३ आलं २०२४ मध्ये.

हे साल अभ्यासक्रमाच्या सालासारखं असतं. ग्रंथ निघाला म्हणजे शिकवणारा तयार झाला असं नाही. कंपायलरचा आकडा वेगळा, भाषेचा वेगळा. सी प्लस प्लस २० मध्ये मजकूर जुळवून देणारं 'फॉरमॅट' आहे, पण जीसीसी या कंपायलरच्या १२ मध्ये ते नाही, १३ मध्ये आलं. आणि जीसीसी ११ ते १५ मध्ये काहीच सांगितलं नाही तर कंपायलर २०१७ चं प्रमाण धरतो. म्हणून तिथे २० हवं असेल तर तसं कमांडमध्ये लिहावं लागतं. महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षं टर्बो सी प्लस प्लस वर प्रॅक्टिकल झाली. ते सॉफ्टवेअर १९९८ च्या पहिल्या प्रमाणाआधीचं. त्यामुळे हेडरच्या नावापुढे 'डॉट एच', नेमस्पेसचा पत्ता नाही, मेनच्या आधी व्हॉइड. हाच प्रोग्रॅम आजच्या जीसीसीवर पहिल्याच ओळीला अडतो. मुलाचं लॉजिक चुकलेलं नसतं, तो फक्त जुन्या अभ्यासक्रमाचा पेपर नव्या परीक्षेत लिहीत असतो.

ही अडचण रस्टने सर्वांत नीट सोडवली असं आमचं मत आहे. १५ मे २०१५ ला १.० आलं, त्यानंतर दर सहा आठवड्यांनी मधला आकडा वाढतो आणि जुना कोड चालत राहतो. पण जुना कोड मोडल्याशिवाय करता येत नाहीत असे बदल 'एडिशन' मध्ये घालतात: २०१५, २०१८, २०२१, २०२४. प्रत्येक प्रोजेक्ट आपली एडिशन स्वतःच्या फाइलमध्ये लिहितो. तोच 'असिंक' शब्द रस्टलाही हवा होता. त्यांनी तो २०१८ च्या एडिशनमध्ये राखून ठेवला, २०१५ च्या कोडमध्ये तो साधं नाव म्हणून अजूनही चालतो. एकच कंपायलर सगळ्या एडिशन वाचतो आणि वेगवेगळ्या एडिशनच्या लायब्ररी एकत्र जोडतो. बॅकलॉग राहिलेला मुलगा जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा देतो आणि शेजारच्या बाकावर नव्याची, तरी निकाल एकाच विद्यापीठाचा, तसं.

गाळलेल्या आकड्यांमागे बहुतेक वेळा एखादं न तडीस गेलेलं काम असतं. पीएचपी ६ मध्ये युनिकोड मुळापासून आणायचं होतं, म्हणजे देवनागरी मजकुराची लांबी मोजणं वगैरे आपसूक बरोबर झालं असतं. ते काम २०१० मध्ये सोडून दिलं, पण तोवर ६ नावाची पुस्तकं बाजारात आली होती. गोंधळ नको म्हणून २०१४ मध्ये मतदान होऊन पुढच्या आवृत्तीला ७ म्हणायचं ठरलं. जावास्क्रिप्टच्या प्रमाणात चौथी आवृत्ती २००८ मध्ये अशीच सोडली गेली, तिसरीनंतर पाचवी आली, आणि सहावीपासून सालच नाव झालं: ईएस २०१५. जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणारं नोड जेएस २०१५ मध्ये ०.१२ वरून थेट ४.० वर गेलं, कारण त्यातून फुटून निघालेलं आयओ जेएस ३ पर्यंत पोचलं होतं आणि दोघांनी परत एकत्र यायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टने डॉट नेट कोअर ३.१ नंतर ४ गाळून ५ घेतलं, कारण डॉट नेट फ्रेमवर्क ४ आधीच लोकांच्या मशीनवर होतं. पर्लची कथा मात्र वाईट वाटायला लावणारी. पर्ल ६ ची घोषणा २००० मध्ये झाली, पहिली आवृत्ती आली डिसेंबर २०१५ मध्ये, आणि ती इतकी वेगळी होती की ती दुसरीच भाषा ठरली. मधली पंधरा वर्षं जिवंत, सुधारत असलेलं पर्ल ५ लोकांना 'जुनं' वाटत राहिलं, निव्वळ ६ हा आकडा पुढे दिसतो म्हणून. शेवटी २०१९ मध्ये पर्ल ६ चं नाव राकू झालं.

नावांचं काम आकड्यांहून निराळं. आकडा यंत्राने ताडायचा, नाव माणसाने बोलताना घ्यायचं. आकडा पक्का व्हायच्या आधी टीमला आपसांत काहीतरी म्हणायचं असतं, म्हणून जावा ५ ला टायगर आणि ६ ला मस्टँग म्हणत. नोड जेएसच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आवृत्त्यांना मूलद्रव्यांची नावं मिळतात, इंग्रजी वर्णक्रमाने: ४ आरगॉन, ६ बोरॉन, ८ कार्बन. २२ ची पाळी आली तेव्हा जे अक्षराचं मूलद्रव्य इंग्रजीत सापडेना, म्हणून आयोडीनचं जर्मन नाव 'योड' घेतलं. वर्णक्रमाचा फायदा हा की नाव ऐकून कुठली आवृत्ती पुढची ते कळतं. आर भाषेची नावं पीनट्स या व्यंगचित्रमालिकेतून येतात, ४.०.० चं नाव आर्बर डे, म्हणजे झाडं लावण्याचा दिवस. त्यात क्रम नाही, म्हणून मदत मागताना तिथे आकडाच सांगावा. सर्वांत देखणा आकडा डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा. प्रत्येक दुरुस्तीनंतर व्हर्जन पायच्या किमतीला एका अंकाने जवळ जातो: ३.१४, ३.१४१, ३.१४१५ आणि पुढे. अंक जितके जास्त तितका उरलेला बदल छोटा, हे आकडाच सांगतो.

उरलं आवृत्ती बाहेर पडण्याआधीचं शेपूट: अल्फा, बीटा, आरसी. पायथनचं वेळापत्रक पक्कं आहे म्हणून तेच घेऊ. अल्फात नवी वैशिष्ट्यं येत-जात असतात. मे महिन्याच्या सुमारास बीटा १ येतं, तिथे नव्या वैशिष्ट्यांचं दार बंद होतं आणि फक्त दुरुस्त्या होतात. ऑगस्टच्या आसपास आरसी (रिलीज कँडिडेट), म्हणजे 'काही सापडलं नाही तर हीच अंतिम'. ऑक्टोबरात ३.१४.० सारखी अंतिम आवृत्ती. लायब्ररी लिहिणाऱ्याने बीटावर टेस्ट करून चुका कळवायच्या आणि आरसीवर आपली पॅकेजं बांधून ठेवायची. बाकीच्यांनी अंतिम आवृत्ती आली तरी दोन-तीन महिने थांबायला हरकत नाही, कारण वापरातल्या लायब्ररींना तयार पॅकेज काढायला तेवढा वेळ लागतो, आणि तयार पॅकेज नसलं की पिप (पायथनची पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम) ते तुमच्या मशीनवर कंपाइल करायला जातं आणि विंडोजवर बहुतेकदा तिथेच थांबतं.

पायथनच्या आवृत्तीला एकूण पाच वर्षं आयुष्य. सुरुवातीचा काळ सगळ्या दुरुस्त्यांचा, तो ३.१३ पासून दोन वर्षांचा आहे, आधी दीड होता. पुढचा काळ फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा. या दुसऱ्या काळात विंडोजसाठी इन्स्टॉलर निघत नाही, नुसता सोर्स मिळतो. पायथनच्या साइटवर ३.१०.११ चा इन्स्टॉलर आहे आणि ३.१०.१२ चा दिसत नाही, तो याच कारणाने. तेव्हा त्याच्यासाठी शोधाशोध करून भलत्या साइटवरून फाइल उतरवू नका, मधला आकडा वाढवायची वेळ आली आहे असं समजा.